पहिल्या इयत्तेचा गुरुजी आणि घरची बोली
(छत्रपती संभाजीनगर येथील समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मेळाव्याच्या चालकांनी आम्हांस बोलावयास ‘शिक्षण’ हा विषय दिला, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. आपल्या समाजाच्या मेळाव्यात शिक्षण हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे उभे राहतात ते दहावी-बारावीचे गुणवंत, वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळविलेले तरुण आणि स्पर्धा-परीक्षेत यशस्वी झालेल्या मुली. ज्या समाजाचे वाडवडील बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून मुलूखभर फिरले, त्या समाजाची मुले आज या पदांना पोहोचली, ही अभिमानाचीच गोष्ट होय. परंतु शिडीच्या वरच्या पायऱ्यांचे कौतुक करण्यास पुष्कळ वक्ते आहेत. आम्ही आज बोलणार आहोत ते अगदी खालच्या पायरीविषयी. वय वर्षे तीन ते आठ या काळातील आपली मुले, त्यांना शिकविणारी माणसे, आणि ती माणसे या कामासाठी कशी तयार व्हावीत, एवढाच आमचा विषय आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात सांगावयाचे तर असे : सर्वांत लहान मुलाला सर्वांत चांगला तयार झालेला शिक्षक मिळाला पाहिजे, आणि त्या शिक्षकाला मुलाच्या घरची बोली समजली पाहिजे. या दोहोंपैकी एक जरी उणे राहिले, तरी वरच्या इयत्तांत कितीही पैसा ओतला तरी तो भेगाळलेल्या पायावर मजले चढविण्यासारखा होतो.

प्रथम आपल्या या मराठवाड्याचीच साक्ष काढू. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातील प्रजेत तेलुगू बोलणारे निम्म्याच्या आसपास, मराठी बोलणारे सुमारे चौथा हिस्सा, आणि उर्दू ही मातृभाषा असलेले दहांत एक या प्रमाणात होते. तरीही राज्यकारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. 1918 साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले. इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण द्यावयाचे, त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते काढून शास्त्रांचे ग्रंथ त्या भाषेत आणावयाचे, हा प्रयोग खरोखर थोर होता. परंतु ज्या न्यायाने उर्दू बोलणाऱ्या मुलाच्या डोक्यावरील परभाषेचे ओझे उतरले, तो न्याय मराठी, तेलुगू किंवा कानडी मुलाच्या वाट्यास आला नाही. खालच्या इयत्ता संपल्या की त्याला भाषा बदलावी लागे; आणि भाषा बदलताना कित्येकांची शाळाच सुटे. औरंगाबादेस 1915 साली सुरू झालेल्या सरस्वती भुवनासारख्या संस्था लोकांना स्वतःच्या पदरमोडीने चालवाव्या लागल्या, त्यामागे ही कळ होती.

यात उर्दूविषयी आकस नाही. वली आणि सिराज या कवींना जगाने ‘औरंगाबादी’ म्हणून ओळखले. ही भाषा आपल्या शहराचे भूषणच आहे, आणि येथील उर्दू घरातील मुलाला उर्दूतून शिकण्याचा हक्क आहे. दोष भाषेचा नव्हता. मुलाला न येणारी भाषा, कोणतीही पूर्वतयारी न करता, शिक्षणाचे दार म्हणून त्याच्यापुढे उभी करणे, हा दोष होता. मराठवाड्यातील माणसांना हे दुःख पुस्तकातून समजून घ्यावे लागत नाही. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी ते भोगले आहे.

आता तोच न्याय आपल्या तांड्याला लावून पाहा. कन्नड, सोयगाव या तालुक्यांच्या डोंगरी भागातील तांड्यावर एखादे मूल पाच-सहा वर्षे गोरबोलीत हसते, रडते, हट्ट करते, गोष्टी ऐकते. मग ते शाळेत जाते. भिंतीवर तक्ता असतो. त्यावर एका बाईचे चित्र आणि शेजारी ‘आ’ हे अक्षर. गुरुजी विचारतात, ‘हे कोण?’ मूल आनंदाने म्हणते, ‘याडी.’ मुलाचे काहीही चुकलेले नाही; ती त्याची आईच आहे. परंतु त्याच्या शब्दाचा पहिला ध्वनी ‘आ’ नसून ‘या’ आहे, आणि गुरुजींना हवा आहे ‘आ’. पुढे भाकरीचे चित्र येते. मूल म्हणते, ‘बाटी.’ गुरुजींना हवा आहे ‘भ’. अशा रीतीने जे मूल घरी चुरूचुरू बोलते, ते पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट शिकते, ती ही की आपल्याला येते ते येथे चालत नाही. त्यानंतर ते गप्प बसते. शाळेच्या नोंदीत त्याला ‘अबोल’ किंवा ‘मंद’ असे नाव पडते. वास्तविक मूल मंद नाही. शिकविणाऱ्याला या प्रसंगासाठी कोणी तयारच केलेले नाही.

ज्या गुरुजीला असे शिक्षण मिळाले आहे, तो काय करील? तो म्हणेल, ‘शाबास, याडी! मराठीत आपण तिला आई म्हणतो. याडी, आई.’ मग ‘या’ आणि ‘आ’ यांतील फरक तो सर्व मुलांकडून कानांनी ओळखवून घेईल. भाकरीच्या चित्राखाली तो दोन शब्द लिहील : बाटी आणि भाकरी. ‘ब’ बाटीतून शिकवील, ‘भ’ भाकरीतून शिकवील. एकाच भाकरीतून दोन अक्षरे आणि दोन भाषा! खर्च शून्य; परंतु समज पाहिजे. ही समज उपजत येत नाही. ती शिकवावी लागते, आणि तिलाच आम्ही शिक्षकाचे प्रशिक्षण म्हणतो.

या प्रशिक्षणाची तीन अंगे आहेत. पहिले शिशुशिक्षणाचे, दुसरे वाचन-लेखन शिकविण्याचे, आणि तिसरे दोन भाषांतून शिकविण्याचे.

शिशुशिक्षणाच्या बाबतीत महाराष्ट्राला इतरत्र धडे गिरवावयास जाण्याचे कारण नाही. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्या समवेत भावनगरला या कार्याचा श्रीगणेशा केला. 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. मारिया माँटेसरी यांची पद्धती त्यांनी अभ्यासली; पण ती जशीच्या तशी उचलली नाही. 1945 साली ताराबाई ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आल्या, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आज पालघर जिल्ह्यात असलेल्या वारली वस्तीत गेले. तेथे या दोघींच्या ध्यानात आले की, मुले बालवाडीपर्यंत येत नसतील तर बालवाडीनेच मुलांच्या अंगणात गेले पाहिजे. त्यातून ‘अंगणवाडी’ निघाली. मोठी मुले गुरे राखावयास जात, म्हणून शाळा कुरणात गेली. तिचे नाव ‘कुरणशाळा’. महागड्या साहित्याऐवजी बिया, शंख-शिंपले, खडे, काटक्या वापरात आल्या. आणि हे सारे करू शकतील अशा बालसेविका तयार करणे हे काम त्यांनी मुलांना शिकविण्याइतकेच महत्त्वाचे मानले. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशातील 33 प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा ‘अंगणवाडी’ हाच शब्द तिच्या केंद्रांना मिळाला आणि देशभर पोहोचला.

शब्द पोहोचला, त्यामागील विचार मात्र सर्वत्र तितकाच पोहोचला असे म्हणता येत नाही. अंगणवाडीस आपण अजूनही खाऊ देणारी आणि वजन करणारी जागा समजतो. आहार व आरोग्य महत्त्वाचे आहेतच. तथापि तीन ते सहा या वयात मुलाच्या भाषेची, बोटांच्या कौशल्याची आणि कुतूहलाची जी वाढ होते, तिची भरपाई पुढे होणे फार कठीण असते. या वयात पाटीवर अक्षरे गिरवून घेणे हे शिक्षण नव्हे. मातीचे गोळे करणे, दोऱ्यात मणी ओवणे, गोष्ट ऐकून ती पुन्हा आपल्या शब्दांत सांगणे, गाण्यातील यमक ओळखणे, खडे मोजून वाटणे, यांतूनच पुढच्या लेखन-वाचन-गणिताचा हात आणि कान तयार होतो. येथे आपल्या भगिनींना आम्ही मुद्दाम सांगतो : कवड्या, मणी आणि आरसे लावून तुमच्या आज्यांनी जे कापड भरले, त्यात चौकोन आहे, त्रिकोण आहे, मोजणी आहे, एकाआड एक रंगांचा क्रम आहे. ज्या तांड्यावर असे भरतकाम जाणणारी एक म्हातारी आहे, त्या तांड्याच्या अंगणवाडीला गणिताचे साहित्य विकत आणण्याची गरज नाही. फक्त सेविकेला त्याचा उपयोग शिकविला पाहिजे.

दुसरे अंग वाचन-लेखनाचे. आपल्याकडे ‘क’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत मुळाक्षरे आणि मग बाराखडी पाठ करून घेण्याची जुनी चाल आहे. पाठांतर वाईट नाही. पण संपूर्ण बाराखडी खड्या आवाजात म्हणणारे मूल ‘माळ’ हा शब्द समोर आला की अडते, असे पुष्कळदा दिसते. कारण महिनोन्महिने त्याने ध्वनी म्हटले, शब्द वाचला नाही. यावर शिक्षणक्षेत्रात जाणत्यांनी सोपा उपाय शोधला आहे : सगळी अक्षरे ओळीने न शिकविता थोडी अक्षरे आणि एखादी मात्रा एकत्र शिकवावी, आणि लगेच शब्द वाचावयास द्यावेत. समजा, क, म, र, ल ही चार अक्षरे आणि एक काना एवढेच घेतले. त्यांतून काम, कमल, कमर, मका, माल, मामा, काका, लाल, कला, राम एवढे शब्द तयार होतात. पंधरा दिवसांत मुलाला आपण वाचू लागलो असे वाटते. आणि ‘मला येते’ या भावनेइतका चांगला गुरू नाही.

तसेच, शिक्षकाला मुलाच्या चुका वाचता आल्या पाहिजेत. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात, परंतु तिचा उच्चार अक्षरानंतर होतो. मूल ऐकले त्या क्रमाने लिहावयास जाते आणि वेलांटी मागे टाकते. अजाण शिक्षक म्हणतो, ‘लक्ष नाही.’ जाणता शिक्षक म्हणतो, ‘याचा कान उत्तम आहे, आता फक्त लिपीची रीत सांगावयाची.’ एकाच चुकीवर एक शिक्षक मुलाला मारतो व दुसरा पुढे नेतो. फरक त्यांच्या स्वभावात थोडा, आणि तयारीत फार असतो.

तिसरे अंग दोन भाषांचे. येथे काही मंडळी शंका घेतात. पहिली शंका : ‘गोरबोली मुलाला घरी येतेच; ती शाळेत कशाला? शाळेत मराठी शिकू द्या, इंग्रजी शिकू द्या.’ शंका रास्त आहे. म्हणून स्पष्ट करतो की, घरची बोली शाळेत आणावयाची ती मराठीच्या जागी नव्हे, तर मराठीपर्यंत जाण्याचा पूल म्हणून. जी गोष्ट मुलाने आधी गोरबोलीत ऐकली आणि समजून घेतली, तीच मग मराठीत ऐकविली, तर अर्थ त्याला ठाऊक असतो आणि केवळ नवे शब्द शिकावयाचे राहतात. अर्थही नवा आणि शब्दही नवे, असे दोन्ही भार एकदम टाकले की मूल वाकते. नवी भाषा आधी कानाने यावी, मग जिभेवर, मग डोळ्यांनी वाचावी आणि शेवटी हाताने लिहावी, हा क्रम आहे. इंग्रजीलाही हाच क्रम लागू आहे. ज्याचे पहिल्या भाषेतील वाचन पक्के झाले, त्याला दुसरी व तिसरी भाषा जड जात नाही. कारण वाचणे ही क्रिया माणूस एकदाच शिकतो, नंतर फक्त भाषा बदलतो. 1953 साली युनेस्कोने देशोदेशींच्या जाणकारांच्या मताने मातृभाषेतून आरंभ करावा असे सांगितले, ते याच कारणाने. आपल्या राज्यघटनेतील 350 क हे कलम 1956 साली आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते.

दुसरी शंका : ‘गोरबोलीला लिपी कोठे आहे?’ महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहिली जाते, तेलंगणात व आंध्रात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कानडीत. ही अडचण नसून सोय आहे. आपल्या मुलाला मराठीसाठी जी लिपी शिकावयाची, तीच गोरबोलीलाही चालते. एकाच कष्टात दोन भाषा हाती येतात. आणि हे अशक्य नाही याचा पुरावा शेजारीच आहे. एकसंध आंध्र प्रदेशात 2004 च्या सुमारास आठ भाषांतून बहुभाषी शिक्षणाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. गोंडी, कोलामी, कोया, कुवी, सवरा अशा भाषांच्या जोडीला त्यात आपली बंजारा भाषाही होती. तेलुगू लिपीत पुस्तके तयार झाली; आरंभ घरच्या भाषेत करून पायरीपायरीने तेलुगूकडे जावयाचे, अशी योजना होती. ओडिशानेही 2006-07 पासून दहा आदिवासी भाषांत असे काम आरंभिले. तेव्हा सीमेपलीकडील आपल्या बांधवांच्या मुलांसाठी जे घडू शकले, ते सीमेअलीकडे का घडू नये, हा प्रश्न विचारण्याचा आपणांस अधिकार आहे.

या भाषेची माणसे थोडी नाहीत. 2011 च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी या नावाखाली देशभरात 32 लाखांहून अधिक माणसांची नोंद झाली. परंतु ती नोंद स्वतंत्र भाषा म्हणून नव्हे, तर हिंदीच्या पोटात धरलेली आहे. जी भाषा मोजणीत दिसत नाही, ती शिक्षकांच्या अभ्यासक्रमातही दिसत नाही.

आता मुख्य प्रश्न : असा शिक्षक आणावयाचा कोठून? या प्रश्नाचे उत्तर महात्मा फुले यांनी 1882 सालीच देऊन ठेवले आहे. हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणावर भर दिला, शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांचे वेतन वाढवावे अशी मागणी केली. इतकेच नव्हे, तर शिक्षक शक्यतो अशा वर्गांतून घ्यावेत की ज्यांना शेतकरी-कष्टकरी लोकांत मोकळेपणाने मिसळता येईल आणि त्यांच्या गरजा समजतील, असेही त्यांनी सांगितले. हे निवेदन आज तांड्यासाठी लिहिले आहे असे वाटावे, इतके ते ताजे आहे.

आपल्या तांड्यांकडे या दृष्टीने पाहिले तर एक विचित्र चित्र दिसते. तांड्याची अंगणवाडी-सेविका पुष्कळदा त्याच वस्तीतील असते. तिच्यापाशी मुलाची भाषा असते. परंतु तिच्या वाट्यास येणारे प्रशिक्षण थोडे, आणि तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. पहिल्या इयत्तेचा शिक्षक दोन वर्षांची पदविका घेऊन पात्रता परीक्षा देऊन आलेला असतो. त्याच्यापाशी प्रशिक्षण असते. परंतु तो बहुधा दुसऱ्या तालुक्यातील किंवा दुसऱ्या जिल्ह्यातील असतो, आणि मुलाची भाषा त्याला येत नाही. भाषा अंगणवाडीत आणि पदविका शाळेत, अशी ही फाळणी आहे. एकाच पटांगणाच्या दोन टोकांना बसलेली ही दोन माणसे एकमेकांशी मुलांविषयी क्वचितच बोलतात. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हे वय एकच ‘पायाभूत स्तर’ मानले, आणि निदान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले. 2021 साली ‘निपुण भारत’ अभियान निघाले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावे व साधे गणित यावे, असे त्याचे उद्दिष्ट आहे. स्तर एक आहे, तर शिकविणारेही एकत्र बसले पाहिजेत. सेविकेने गुरुजीला भाषा द्यावी, गुरुजीने सेविकेला अक्षरांची पद्धत द्यावी. आमच्या मते तांड्याच्या शिक्षणातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठी सुधारणा हीच होय.

हे काम करावयास लागणारे अधिकार फार दूर नाहीत. प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आहेत, आणि जिल्हा परिषदांची आजची व्यवस्था ज्या समितीच्या अहवालातून आली, तिचे अध्यक्ष होते आपल्याच समाजाचे वसंतराव नाईक. 1960 साली ती समिती नेमली गेली, 1961 साली कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. पुढे 1963 पासून 1975 पर्यंत ते राज्याचे मुख्यमंत्री होते. शाळेचा कारभार गावाच्या हाताजवळ यावा, हा त्या व्यवस्थेचा हेतू होता. हात जवळ आला आहे. तो पुढे करावयाचे काम आपले आहे.

उच्च शिक्षणाच्या बाबतीत मराठवाड्याने थोड्या काळात मोठी मजल मारली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1950 साली औरंगाबादेस महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. 1958 साली मराठवाडा विद्यापीठ झाले. ज्यांना पिढ्यानपिढ्या दार बंद होते, त्यांना ते उघडले. परंतु त्या दारापर्यंत पोहोचणाऱ्या वाटेचा पहिला टप्पा तांड्यावरून जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन आई-बाप कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात, आणि मूल बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये बसून त्यांच्याबरोबर जाते. या शतकाच्या आरंभी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. गावी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहेही निघाली. त्या सोयी चांगल्या आहेत. पण ज्या मुलाला पहिलीत वाचावयास आले, ते चार महिने फडात राहून परतले तरी पुस्तक पुन्हा हाती घेते. ज्याला वाचावयासच आले नाही, ते परततच नाही. त्याच्या हाती लवकरच कोयता येतो. म्हणून पहिल्या इयत्तेचा प्रश्न हा केवळ भाषेचा किंवा पद्धतीचा प्रश्न नाही. तो पुढच्या पिढीच्या हातात काय असावे, याचा प्रश्न आहे.

समाजाने काय करावे, याविषयी चार सूचना मांडून आम्ही आपला निरोप घेऊ.

पहिली सूचना पारितोषिकांविषयी. दरवर्षी या व्यासपीठावर गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. त्यांच्या जोडीने तांड्यावरील एका अंगणवाडी-सेविकेचा आणि पहिली-दुसरीच्या एका शिक्षकाचा सत्कार व्हावा. शिक्षक आपल्या समाजाचा नसला तरी चालेल. आपल्या मुलांची बोली शिकणारा असला म्हणजे झाले. समाज ज्याला हार घालतो, त्या कामाकडे तरुण वळतात.

दुसरी सूचना शिष्यवृत्तीविषयी. निधीतील काही भाग शिक्षणशास्त्राची पदविका किंवा बालशिक्षणाचा अभ्यासक्रम घेणाऱ्या तांड्यावरील मुलींसाठी राखून ठेवावा. एक मुलगी डॉक्टर झाली तर तिचा अभिमान सर्वांना आहे. पण एक मुलगी पहिल्या इयत्तेची उत्तम शिक्षिका झाली, तर तीस वर्षांत तिच्या हाताखालून शेकडो मुले वाचावयास शिकून जातात.

तिसरी सूचना बोलीविषयी. लेंगी, ढावलो, तीजेची गाणी आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडच्या गोष्टी, यांचे भांडार अजून जिवंत आहे. पण ते सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. ज्या तरुणांजवळ मोबाईल आहे त्यांनी या सुट्टीत आपल्या आजीची एक गोष्ट ध्वनिमुद्रित करावी आणि देवनागरीत उतरवून मंडळाकडे द्यावी. त्यातून सोप्या वाक्यांची, चित्रांची लहान पुस्तके निघतील, एका पानावर गोरबोली व समोरच्या पानावर मराठी. आणि जे शिक्षक नव्याने तांड्यावर रुजू होतात त्यांच्यासाठी उन्हाळी सुट्टीत आठ दिवसांचे बोली-शिबिर मंडळाने भरवावे. रोजच्या व्यवहारातील दोन-तीनशे शब्द, विचारपूस करण्याची वाक्ये, चार गाणी, एवढे शिक्षकाला आले की मुलाचे मौन सुटते.

चौथी सूचना शहरात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांसाठी. तुमची मुले मराठी किंवा इंग्रजी शाळांत जातात, त्याबद्दल कोणाचीही तक्रार नाही. तथापि घरात आजीशी ती कोणत्या भाषेत बोलतात, याकडे लक्ष द्या. दोन भाषा बोलणारे मूल गोंधळते, हा समज खरा नाही. ज्या घरात गोरबोली बोलली जाते आणि रोज रात्री एखादे मराठी पुस्तक वाचून दाखविले जाते, त्या घरातील मूल दोन्ही भाषांत श्रीमंत होते. आणि शहरातील मुलाला आपल्या बोलीची लाज वाटत नाही हे तांड्यावरच्या मुलाने पाहिले, की त्याचीही मान वर होते.

यांतील कोणतीही सूचना समाजाच्या शक्तीबाहेरची नाही. पहिल्या दोन सूचनांसाठी कार्यकारिणीचा एक ठराव पुरे; तिसरीसाठी तरुणांची एक उन्हाळी सुट्टी; चौथीसाठी तर ठरावही नको, आज घरी गेल्यावरच आरंभ करता येईल. सेवालाल महाराजांनी आपल्या समाजाला सन्मार्गाची शिकवण दिली, ती आपल्याच बोलीत दिली; म्हणूनच ती तांड्यातांड्यांत पिढ्यानपिढ्या टिकली. जी शिकवण मुलाच्या काळजापर्यंत जावी अशी आपली इच्छा आहे, तिला हीच वाट आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील, तेव्हा आपल्या तालुक्यातील निदान एका तांड्यावर सेविका आणि गुरुजी एकत्र बसून पहिल्या इयत्तेची तयारी करीत आहेत असे दिसावे, एवढी आमची इच्छा आहे.

जय सेवालाल! जय महाराष्ट्र!